मंडलनृत्य आणि ध्यान

ध्यान म्हटलें कीं डोळ्यांपुढें जें चित्र उभें राहतें तें बैठकीचें असतें: एकान्त, आसन, ताठ पाठ, मिटलेले डोळे. शरीर स्थिर झालें म्हणजे मनहि हळूहळू स्थिर होईल, हा त्यांतील हिशेब. हिशेब खोटा नाहीं. परंतु ज्यांनीं तो करून पाहिला आहे त्यांना त्यांतील अडचणहि ठाऊक आहे. शरीर जागेवर खिळलें कीं मनाला कांहीं कामच उरत नाहीं, आणि तें घरचा बाजारहाट, कचेरींतील कटकटी व गेल्या वर्षींचीं भांडणें असें सर्वत्र हिंडून येतें. आसन मोडतांना साधकाच्या लक्षांत येतें कीं, अर्धा तास बसला होता तो केवळ देह.

या अडचणीवर निरनिराळ्या धर्मांतील साधकांनीं एक उलटाच उपाय काढला. मन थांबवावयाचें असेल तर शरीराला कामाला लावा. पाय तालांत, श्वास पायांच्या बेतानें आणि अंतरीं ईश्वराचें नांव. तिन्ही धागे एकत्र वळले म्हणजे चौथ्याला शिरण्यास जागा राहत नाहीं. टाळ वाजवीत पाउली खेळणाऱ्या वारकऱ्याला हें समजावून सांगण्याची जरूर नाहीं. परंतु या उपायाचें अत्यंत रेखीव शास्त्र जेथें बनलें तें स्थळ पंढरपूर नव्हे. तें तुर्कस्तानांतील कोन्या हें शहर होय, आणि तें शास्त्र म्हणजे मेव्लेवी दरवेशांचा ‘समा’. अरबी भाषेंत समा या शब्दाचा अर्थ ‘ऐकणें’ असा आहे. नृत्याला ‘ऐकणें’ हें नांव पडावें, यांतच त्या नृत्याचें अर्धें मर्म आलें.

या पंथाचा मूळपुरुष जलालुद्दीन रूमी. बल्ख प्रांतांतील एका विद्वान् घराण्यांत १२०७ सालीं त्याचा जन्म झाला. मोंगलांच्या स्वाऱ्यांच्या त्या काळांत हें कुटुंब पश्चिमेकडे सरकत सरकत अखेर कोन्यास स्थायिक झालें. बापामागें रूमी तेथें धर्मशास्त्र शिकवीत असे. शिष्य होते, मान होता. १२४४ सालीं शम्स तब्रीझी नांवाचा एक फिरस्ता फकीर त्या शहरांत आला आणि या प्रतिष्ठित पंडिताची घडी पार विस्कटून गेली. थोड्याच वर्षांत शम्स नाहींसा झाला. मागें राहिला तो शोकानें कवि झालेला रूमी. त्याच्या चरित्रांत एक कथा येते. कोन्याच्या बाजारांतून तो चालला असतां सोन्याचे वर्ख ठोकणाऱ्या सलाहुद्दीनच्या दुकानांतून हातोड्यांचा ताल कानीं पडला. त्या ठोक्यांत त्याला ईश्वराचें नांव ऐकूं आलें आणि तो भर रस्त्यांत गिरक्या घेऊं लागला. सलाहुद्दीननें कारागिरांना सांगितलें, ठोकणें थांबवूं नका. वर्ख फाटले तर फाटूं द्या. कथा अक्षरशः खरी असो वा नसो, समा म्हणजे ‘ऐकणें’ कसें, हें तिच्याइतकें स्वच्छ दुसरें कशानेंहि कळत नाहीं.

१७ डिसेंबर १२७३ रोजीं रूमी वारला. त्याचे अनुयायी त्या रात्रीला मरणाची रात्र म्हणत नाहींत, लग्नाची रात्र म्हणतात. (परंपरा ज्ञानेश्वरांचा जन्म मानते तो यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं, १२७५ सालीं. दोघांना एकमेकांची वार्ता असण्याचा संभव नाहीं. परंतु काळाचा हा शेजार चित्ताला सुखवितो.) आतां प्रश्न असा होता कीं, गुरूला भर बाजारांत जें उत्स्फूर्तपणें सुचलें तें शिष्यांनीं मागाहून कसें करावें? तंद्री वारसाहक्कानें मिळत नाहीं, शिस्त मात्र मिळूं शकते. रूमीचा पुत्र सुलतान वलद आणि त्याच्या नंतरच्या प्रमुखांनीं हेंच ओळखलें व दोनअडीचशें वर्षांच्या अवधींत त्या गिरकीला नियमांचें कोंदण घातलें.

हे नियम किती कडक होते हें पाहिलें म्हणजे ‘बेभान होऊन नाचणारे दरवेश’ ही प्रवाशांनीं पसरविलेली कल्पना पार गळून पडते. पंथांत येऊं इच्छिणाऱ्याला प्रथम मठाच्या मुदपाकखान्यांत नेत. तेथें मेंढीच्या कातड्याच्या आसनावर गुडघे दुमडून तीन दिवस बसावयाचें आणि केवळ पाहावयाचें. तेवढ्यांत मन विटलें तर निमूटपणें घरीं जावें. टिकलाच, तर एक हजार एक दिवसांची सेवा सुरू होई: भांडीं घासणें, बाजारांतून सामान आणणें, बिछाने घालणें, पायखाने स्वच्छ करणें, अशीं अठरा प्रकारचीं कामें. मध्येंच सोडून गेला तर पुन्हां पहिल्या दिवसापासून मोजणी. ईश्वराकडे जाणारी वाट या लोकांनीं स्वयंपाकघरांतून काढली, ही गोष्ट मोठी विचार करण्याजोगी आहे. कोन्यांत त्यांच्या जुन्या आचाऱ्याची कबर आजहि संताच्या कबरीसारखी पूजिली जाते.

फिरण्याचा धडाहि त्याच मुदपाकखान्यांत मिळे. एक गुळगुळीत फळी, तिच्या मधोमध गोल डोक्याचा एक खिळा. डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचें बोट यांच्या बेचक्यांत तो खिळा धरावयाचा, तळव्याखालीं मीठ पसरावयाचें, आणि उजव्या पायानें रेटा देत देत शरीर डावीकडे फिरवावयाचें. डाव्या पायाला म्हणत ‘खांब’ आणि उजव्याच्या गतीला म्हणत ‘चर्ख’. आपल्या चरख्याचा मूळ शब्द तो हाच. खांब जागचा हलतां कामा नये. प्रथम थोड्या गिरक्या, मग अधिक. हात छातीशीं बांधलेले. पाय पक्के झाल्यावर मग हात उघडण्याची परवानगी. तळव्याची सालपटें निघत, डोकें गरगरे, पोटांत ढवळे. यांत कोणाला कसलीहि तंद्री लागत नसे. लागे ती संवय.

पुढें प्रत्यक्ष विधि. गोल अथवा अष्टकोनी दालन. एका टोकाला लाल कातड्यावर शेख बसलेला. त्या आसनापासून समोरच्या दारापर्यंत एक अदृश्य रेषा कल्पिलेली असते. तिच्यावर कोणी पाय ठेवीत नाहीं. दरवेशांच्या अंगावर काळा झगा, आंत पांढरा घोळदार अंगरखा, डोक्यावर उंच टोपी नमद्याची. झगा ही कबर, अंगरखा हें कफन, टोपी हा थडग्यावरचा दगड: मेलेल्या माणसाच्या वेषांतच ते दालनांत शिरतात. आरंभीं पैगंबराचें स्तवन होतें. त्याची चाल इत्री या संगीतकाराची, जो १७१२ सालीं वारला. मग नगाऱ्याचे ठोके, आणि मग बोरूची एकटी बासरी. यानंतर सर्वजण सावकाश पावलांनीं दालनाला तीन फेऱ्या घालतात, आणि शेखाच्या आसनाशीं पोंचतांच प्रत्येकजण मागून येणाऱ्याकडे वळून, डोळ्यांला डोळा देऊन, लवून नमस्कार करतो. या सबंध विधीला ‘मुकाबला’ असेंहि नांव आहे. आपण जो शब्द भांडणाला लावतों तो तेथें समोरासमोरच्या नमस्काराला लागला आहे.

तीन फेऱ्या संपल्या कीं काळे झगे खालीं पडतात. हात छातीवर आडवे, बोटें खांद्यांवर. एकेकजण शेखाच्या हाताचें चुंबन घेतो, दोन पावलें पुढें जातो आणि फिरूं लागतो. हात फुलासारखे उमलतात: उजवा तळहात आकाशाकडे, डावा जमिनीकडे. वरून घ्यावें आणि खालीं देऊन टाकावें, स्वतःपाशीं कांहीं ठेवूं नये, असा त्याचा अर्थ सांगतात. प्रत्येकजण स्वतःभोंवतीं फिरतो, आणि सारे मिळून दालनाभोंवतीं फिरतात. असे चार खंड. प्रत्येकाचा ताल वेगळा आणि दोहोंच्या मध्यें स्तब्धता. चौथ्या खंडांत शेख स्वतः मध्यभागीं येतो व झगा न काढतां, हात न उघडतां, अगदीं संथपणें फिरतो. शेवटीं कुराणाचें पठण होतें, आणि मग दीर्घ ‘हू’कार.

येथें एक शंका साहजिक येते. इतकें फिरून माणसाला घेरी कशी येत नाहीं? याचें उत्तर कानांत आहे. अंतःकर्णांत तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत व त्यांत द्रव भरलेला आहे. डोकें फिरूं लागलें कीं नलिका फिरते, द्रव मागें रेंगाळतो, आणि त्या फरकावरून मेंदूला ‘आपण फिरत आहों’ हें कळतें. परंतु वेग एकसारखा ठेवला तर थोड्याच वेळांत द्रवहि नलिकेच्या बरोबरीनें फिरूं लागतो व फिरण्याची जाणीव मावळते. घेरी येते ती वेग बदलतांना आणि थांबतांना. बॅले नाचणारे एका ठिकाणीं नजर रोखून मान झटक्यानें फिरवितात. दरवेश तसें कांहींच करीत नाहीं. तो मान किंचित् कलती ठेवतो, डोळे अर्धे मिटतो, नजर कशावरहि रोखीत नाहीं आणि वेग ढळूं देत नाहीं. वर्षानुवर्षांच्या अभ्यासानें मेंदूहि सरावतो. खंड संपतांच ते दोघेदोघे, तिघेतिघे खांद्याला खांदा टेकवून उभे राहतात, तें उगाच नव्हे.

समा हें ध्यान कां, याचें उत्तरहि या एकसारख्या वेगांतच आहे. प्रत्येक गिरकीबरोबर दरवेश मनांतल्या मनांत ‘अल्लाह’ म्हणतो; एक गिरकी, एक नाम. माळ जपतांना मन भरकटलें तर कोणाला कळत नाहीं, बोटें आपलीं चालूच राहतात. येथें भरकटलेलें मन शेजाऱ्यावर जाऊन आदळतें. दहावीस माणसें एकाच दालनांत पसरल्या अंगरख्यांनीं फिरत असतां एकाचाहि धक्का दुसऱ्याला लागत नाहीं, तो प्रत्येकजण आपल्या खांबावर सावध असतो म्हणून. मध्यें अचल, भोंवतालीं चल. जातें फिरतें तें खुंटा हालत नाहीं म्हणून. बाहेरून जी बेहोषी दिसते ती आंतून पाहतां पराकाष्ठेची शुद्ध असते.

सर्वच सूफी मंडळें मुक्यानें स्मरण करतात असें मात्र नव्हे. खल्वती, कादिरी इत्यादि पंथांत माणसें गोल उभीं राहून, शेजाऱ्याच्या खांद्यावर अथवा हातांत हात देऊन, एकसुरानें नामाचा घोष करीत झुलतात व मंडळ पायापायानें सरकत राहतें. त्या घोषाला ‘जिक्र’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘स्मरण’. आपला नामस्मरण हा शब्द त्याचें जवळजवळ भाषांतरच होय.

ही गोष्ट धर्मशास्त्र्यांना सदैव रुचली असें नाहीं. १६६६ सालीं कट्टर पक्षाच्या आग्रहावरून उस्मानी राज्यांत समावर बंदी आली व ती सुमारें अठरा वर्षें टिकली. आपल्याकडेहि हाच वाद होता. वेरूळच्या लेण्यांपासून जवळच खुलदाबाद आहे. तेथें निजामुद्दीन अवलियांचे शिष्य बुऱ्हानुद्दीन गरीब यांची कबर आहे. ते १३३७ सालीं वारले. चिश्ती पंथांतील हे सत्पुरुष समाचे इतके निष्ठावंत कीं, त्यांच्या मंडळींच्या नृत्याची रीतच निराळी ओळखली जाऊन तिला त्यांच्याच नांवावरून ‘बुऱ्हानी’ हें नांव पडलें. आणि दैवाची थट्टा अशी कीं, दरबारांतून गायनाची हकालपट्टी करणारा औरंगजेब चिरविश्रांतीला आला तो याच गांवीं, या नृत्यप्रिय अवलियाच्या शेजाराला.

परंतु शास्त्र्यांच्या विरोधांतून समा तगला. त्याच्यावर खरा घाव पडला तो निराळ्या दिशेनें. ३० नोव्हेंबर १९२५ रोजीं तुर्की प्रजासत्ताकानें ६७७ क्रमांकाचा कायदा करून देशांतील सर्व दरवेशी मठ बंद केले आणि शेख, दरवेश ह्या पदव्यांनाहि मनाई केली. मुस्तफा कमाल यांच्या सरकारची बाजू अगदींच पोकळ नव्हती: त्याच वर्षीं एका नक्शबंदी शेखानें पूर्वेकडे बंड पुकारलें होतें, आणि कित्येक मठ आळसाचे व मंत्रतंत्राचे अड्डे बनले होते. तथापि सुक्याबरोबर ओलेंहि जळलें. एक हजार एक दिवसांची ती शाळा एका सहीनें मिटली. कोन्याच्या मठाचें वस्तुसंग्रहालय झालें व तें १९२७ सालीं लोकांस खुलें झालें. कांहीं जुन्या मंडळींनीं बंद दारांआड संगीत आणि फिरणें जपलें. तेवढाच काय तो धागा शिल्लक राहिला.

१९५० नंतरच्या कांहीं वर्षांत सरकारनें दार किलकिलें केलें. रूमीच्या पुण्यतिथीच्या सुमारास कोन्यांत समा करण्यास परवानगी मिळाली. परंतु उपासना म्हणून नव्हे, सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. म्हणजे प्रार्थना करावयाची असेल तर ती तिकिटाच्या प्रयोगाच्या वेषांत करा! पुढें १९९० नंतर निर्बंध पुष्कळ सैल झाले. २००५ सालीं युनेस्कोनें समाला मानवजातीचा वारसा म्हणून गौरविलें व २००८ सालीं आपल्या सूचींत घातलें. १९२५ चा कायदा मात्र पुस्तकांत अजून आहे. युनेस्कोनेंच हेंहि नमूद करून ठेवलें आहे कीं, प्रवाशांच्या सोईसाठीं कित्येक ठिकाणीं विधि आंखूड व सोपा केला जातो. इस्तंबूलच्या उपाहारगृहांत जेवणाच्या पानांमधून एखादा तरुण पांढरा अंगरखा फुलवीत फिरून जातो, तेव्हां त्याला मुदपाकखान्यांतील तीन दिवसांच्या बैठकीची आठवण कोणी द्यावी?

न्यायाच्या दृष्टीनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. मेव्लेवी मठांत पाहुण्यांना पूर्वींहि मज्जाव नव्हता. इस्तंबूलच्या गलाटा मठांत युरोपियन प्रवासी समा पाहून गेल्याचीं वर्णनें अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतील आहेत. सज्जांत बसण्याची सोयहि असे. मग बिघडलें कोठें? पूर्वीं पाहणारा हा उपासनेच्या घरीं आलेला पाहुणा होता. तो आला नाहीं तरी गुरुवारचा वा शुक्रवारचा समा चुकत नसे. पुढें पाहुण्यासाठींच घर उघडूं लागलें. पाय तेच, ताल तोच, वेष तोच. परंतु फिरणाऱ्याच्या मनांत नामाबरोबर ‘मी कसा दिसतों’ हा दुसरा धागा शिरला कीं, ध्यान तेथेंच संपलें. कोन्यांत आजहि असे फिरणारे आहेत ज्यांच्या मनाला हजारों डोळ्यांचा स्पर्श होत नसेल. त्यांची कसोटी त्यांच्या पूर्वजांपेक्षां कठीण आहे, एवढें खरें.

प्रेक्षक काढूनच टाकला तर काय होतें, याचा प्रयोग एका अमेरिकन गृहस्थानें केला, आणि त्या प्रयोगाचें एक मूळ आपल्या बडोद्यांत आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांनीं १८८६ सालीं बडोद्यास गायनशाळा काढली ती उस्ताद मौलाबक्ष यांच्या हातून. या मौलाबक्षांचे नातू इनायतखान, जन्म १८८२. ते वीणा उत्तम वाजवीत. पुढें हैदराबादेस त्यांनीं चिश्ती गुरूची दीक्षा घेतली. पंथ तोच, खुलदाबादच्या बुऱ्हानुद्दीनांचा. १९१० सालीं ते अमेरिकेस गेले आणि पश्चिमेंत सूफी मत त्यांनींच प्रथम संघटितपणें शिकविलें. सॅन फ्रान्सिस्कोचा सॅम्युएल लुईस १९२३ सालीं त्यांचा शिष्य झाला. हा माणूस विलक्षण बहुश्रुत. झेन गुरूंपाशीं तो बसला, आणि केरळांतील कान्हनगडच्या आनंदाश्रमाचे स्वामी रामदास यांनाहि तो गुरु मानी. सत्तरी उलटल्यावर, १९६८ च्या सुमारास, त्यानें आपल्या शहरांतील भरकटलेल्या तरुणांना गोल उभें करून, हातांत हात देऊन, साधीं पावलें टाकीत ईश्वराचीं नांवें गाण्यास शिकविलें. त्या काळच्या सॅन फ्रान्सिस्कोंत ही पोरें अमली पदार्थांतून आनंद शोधीत होतीं. हा म्हातारा म्हणे, श्वास आणि पावलें जुळवा, तेवढें पुरे. नृत्याच्या आधीं तो त्यांना नुसतें चालावयास शिकवी, पावलागणिक एक नाम घेत. त्याच्या आरंभींच्या नृत्यांत एक रामनामाचें आहे. शब्द त्याच तेरा अक्षरांच्या राममंत्राचे, जो महाराष्ट्रांत समर्थांच्या संप्रदायांत घरोघर जपला जातो. १९७१ च्या जानेवारींत लुईस वारला, तेव्हां पन्नासांच्या आंतबाहेर नृत्यें तयार होतीं. आज त्यांची संख्या शेंकड्यांनीं मोजावी लागते, आणि अनेक देशांत अशीं मंडळें भरतात.

या प्रकारावर जुन्या वळणाच्या माणसाचा आक्षेप ठरलेला: आज राम, उद्यां अल्लाह, परवां येशू, एकाहि विहिरीला पाणी लागेपर्यंत खोदावयाचें नाहीं! आक्षेपांत तथ्य आहे. एक हजार एक दिवस कोठें, आणि आठवड्यांतील एक संध्याकाळ कोठें? पण लुईसनें एक नियम असा घातला कीं, तेवढ्यासाठीं त्याचें बाकीचें उथळपण माफ करावें. या नृत्याला नर्तक आणि प्रेक्षक असे दोन वर्ग नाहींत. जो आला तो मंडळांत. ज्याचे पाय चुकतात तोहि मंडळांत, ज्याचा सूर लागत नाहीं तोहि. शिकविणारा मध्यें उभा राहून शब्द, चाल आणि पावलें त्याच वेळीं सांगतो. वाद्यें वाजविणारे त्याच्याशेजारीं. समांत पूर्वीं पुरुषच फिरत. या मंडळांत आरंभापासून स्त्रीपुरुष एकत्र आहेत. (अलीकडे इस्तंबूलच्या कांहीं मंडळांत स्त्रियाहि समांत फिरूं लागल्या आहेत.) मेव्लेवी गिरकीची खोली येथें नाहीं, परंतु ज्या दुसऱ्या धाग्यानें कोन्याच्या फिरणाऱ्यांची कसोटी पाहिली, तो येथें शिरण्यास वाव नाहीं, कारण मंडळाबाहेर पाहणारे डोळेच नसतात.

आपल्या वारींतील दिंडीला हें नवीन नाहीं. दिंडीच्या कडेला उभा असलेला शहरी माणूस फार वेळ कडेला राहूं शकत नाहीं. कोणी तरी त्याच्या हातांत टाळ देतो, नाहीं तर फुगडीला ओढतो. ओढणाऱ्याला त्याच्या नांवगांवाशीं कर्तव्य नसतें.

लुईसच्या मंडळांत नृत्य संपल्यावर टाळ्या वाजत नाहींत. शेवटचा स्वर थांबतो, पावलें थांबतात, आणि हातांत हात तसेच ठेवून सर्वजण कांहीं क्षण स्तब्ध उभे राहतात. समाच्या शेवटीं दरवेशहि असेच न बोलतां दालनांतून निघून आपापल्या खोलींत जात, आणि तेथें पुन्हां बसून राहत: आसन, ताठ पाठ, मिटलेले डोळे.